विषम तारखेचं दार

(साथीचे, टाळेबंदीचे दिवस. कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान. मधोमध प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे थोरला भाऊ, पलीकडे धाकटा. सकाळचे साडेअकरा.)

धाकटा: सोळा तुझे, पंधरा माझे. मोजून बघ. महिना एकतीसचा असला की एकतीसला तू उघडतोस आणि दुसऱ्या दिवशी एक तारीख, म्हणून परत तूच उघडतोस. मी आपला बंद शटरमागे सम तारखेची वाट बघत बसतो.

थोरला: अकरा वर्षांनी तोंड उघडलंस ते कॅलेंडर वाचायला?

धाकटा: तोंड ताईसाठी उघडलंय. तुझ्यासाठी नाही.

थोरला: मग ताईचं बोल. सम-विषम काय मी काढलं? तुझं दार त्या सम तारखेच्या रस्त्यावर, माझं या विषम तारखेच्या. वाटण्या झाल्या तेव्हा तूच म्हणालास, तिकडे वर्दळ जास्त.

धाकटा: होती. आता तिकडून दिवसभरात पालिकेच्या पथकाची गाडी जाते आणि एक कुत्रं जातं. दोघंही माझ्या शटरकडे बघून जातात.

थोरला: तू मुळात खाली कसा आलास? आज एकोणतीस.

धाकटा: जिन्यानं. घर वर आहे, जिना दुकानात उतरतो. माझ्याच घरात मी खाली उतरलो तर त्याला पण तारीख लागते का?

थोरला: लागेल. संध्याकाळच्या पत्रकात येईल. मला घरून इथं यायला पास काढावा लागला. धंद्यांच्या यादीत चष्मेवाला नाहीच. मेडिकलवाल्यात जातो म्हटलं, तर विचारतात औषधं कुठायत. शेवटी 'इतर' वर खूण केली. तीस वर्षं काचा घासून मी 'इतर'.

धाकटा: माझं त्याहून छान. गिऱ्हाइकापासून सहा फूट लांब राहायचं. अक्षरांचा तक्ता वीस फुटांवर असतो, तो नियमात बसतो. पण तपासायचा चष्मा नाकावर चढवायचा तर नाक सहा फुटांवर कसं चालेल? काल एका आजोबांना म्हटलं, तुम्हीच चढवा. त्यांनी उलटा चढवला आणि म्हणाले, आता उत्तम दिसतंय.

थोरला: आणि ते आजोबा आज माझ्याकडे आले. काच आज घासायची, फ्रेममध्ये बसवायला उद्या तुझ्याकडे, दांडी ढिली वाटली तर परवा... नाही, परवा एकतीस, तेरवा एक, दोन्ही माझ्याच तारखा, तुझ्याकडे थेट दोनला. मध्ये रविवार आला तर सगळंच बंद. चष्मा हातात पडेपर्यंत माणसाचा नंबर बदलतो.

धाकटा: बाबा असते तर एका तासात चष्मा नाकावर असता.

थोरला: बाबा असते तर हे प्लायवूड नसतं. ऐक. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर सकाळी माझ्या दारात पिशवी टाकून गेला. आत मधलीचा, तुझ्या ताईचा चष्मा. डावी काच वरपासून खालपर्यंत तडकलीय, दांडी तुटलीय. पिशवीवर लिहिलंय, 'गाडी दीडला परत जाते. दोघांनी मिळून करा.' 'दोघांनी'खाली दोन रेघा.

धाकटा: मला फोन आला होता तिचा. बाहेर पडता येत नाही, तीन आठवडे हॉस्पिटलच्या हॉस्टेलवरच ठेवलंय सगळ्या नर्सेसना. त्या जाड गॉगलखाली चष्मा दाबून फुटला. म्हणाली, आज संध्याकाळपासून ड्युटी आहे, इंजेक्शनच्या बाटलीवरचा आकडा मी एका डोळ्यानं वाचतेय. माझ्या हातून काही झालं तर तुम्ही दोघं पार्टिशनला धरून रडत बसा, असंही म्हणाली.

थोरला: मला पण हेच म्हणाली. शब्दही तेच.

धाकटा: पाठ करून ठेवलं असणार. तर, तिचा नंबर बदललाय. हे सगळं सुरू व्हायच्या आधी मी तपासला होता. कार्ड माझ्याकडे आहे, फ्रेमही माझ्याकडे. काच तू घास.

थोरला: म्हणजे एका चष्म्यासाठी दोन रस्ते, दोन तारखा आणि एक बंद शटर. फ्रेम कशी देणार?

धाकटा: वरून. प्लायवूड छताला टेकत नाही ना. एक वीत कमी पडलं होतं.

थोरला: कमी पडलं नव्हतं. उरलेला तुकडा कोणी आणायचा यावर आपलं जमलं नाही.

धाकटा: तेच म्हणतोय. स्टुलावर चढतो. धर.

थोरला: थांब, मी पण स्टूल घेतो... हं. आली. मधलीच्या चेहऱ्याला ही जरा रुंद होईल.

धाकटा: तोंडाला मास्क, त्यावर गॉगल, त्यावर काचेची ढाल. चेहरा उरलाय कुठं? उजवीचा नंबर तोच आहे, तिची जुनीच काच यात बसेल. डावीचा नंबर सांगतो, लिहून घे. उणे सव्वादोन. सिलिंडर उणे दीड. अक्ष तीस.

थोरला: थांब, पेन्सिल घेतो.

धाकटा: घेतलंस का?

थोरला: घेतलं.

धाकटा: मग मशीनचा आवाज का येत नाही? बारा वाजत आले.

थोरला: तिची जुनी काच नंबर मोजायच्या यंत्राखाली धरलीय. तडकलीय, पण फ्रेममध्ये घट्ट आहे, त्यामुळे वाचता येते. जुना अक्ष ऐंशी आहे.

धाकटा: मग?

थोरला: नंबर वाढतो, कमी होतो. पण अक्ष, काचेचा कल, असा तीन महिन्यांत ऐंशी अंशांवरून तीसवर घसरत नाही. मी तीसवर घासली तर तिला सरळ रेघ तिरकी दिसेल. बाटलीवरचा आकडा बाटलीतून उतरून चालायला लागेल.

धाकटा: कार्डावर आहे तेच सांगितलंय मी.

थोरला: म्हणूनच विचारतोय. परत बघ.

धाकटा: काय म्हणालास?

थोरला: विचारतोय, म्हटलं.

धाकटा: तू विचारतोयस. माझ्या सासऱ्यांच्या वेळी तोंडाला कुलूप होतं का? शंभरच्या जागी घाईत दहा लिहिलं मी. त्याआधीचे त्यांचे तीन चष्मे तुझ्याच हातचे, त्यांचा अक्ष तुला झोपेत माहीत होता. कळलं होतं तुला.

थोरला: चिठ्ठीवर तुझी सही होती. चिठ्ठीत होतं तेच घासलं.

धाकटा: एक अंश इकडेतिकडे न करता घासलंस. इतकी सुंदर काच तू जन्मात घासली नसशील. आणि माणूस आमच्या जिन्यावरून उतरताना नसलेल्या पायरीवर पाय ठेवून खाली आला. खुबा मोडला.

थोरला: मला वाटलं, घालून बघतील, तिरकं दिसलं की तुझ्याकडे परत येतील. तुझी जिरेल. एवढंच होतं डोक्यात.

धाकटा: ते परत आले नाहीत, कारण जावयानं तपासलंय म्हणून त्यांना वाटलं, सवय होईल. दोन दिवस भिंत धरून चालत होते.

थोरला: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

धाकटा: तू विचारलं नाहीस.

थोरला: आज विचारतोय. कार्ड वाच.

धाकटा: तीसच दिसतंय... थांब, खिडकीशी नेतो. शटर बंद, अंधार आहे इथं... हं.

थोरला: काय?

धाकटा: इंग्रजी आठ आहे. दोन्ही गोल डावीकडे जरा उघडे राहिलेत, म्हणून तीन वाटलं. ऐंशी आहे.

थोरला: तुझ्याच हातचा आठ तुला ओळखू येत नाही?

धाकटा: उजेड नाही म्हटलं ना.

थोरला: उजेड नाही की नंबर वाढलाय? डोळ्यावर कुठला चष्मा आहे?

धाकटा: आहे एक.

थोरला: कुठला, विचारतोय.

धाकटा: बाबांनी घासलेला.

थोरला: बाबांना जाऊन बारा वर्षं झाली.

धाकटा: मग नवीन काचा घासायला कोणाकडे जायला हवं होतं मी? या गावात काचा घासणारा तू एकटा.

थोरला: म्हणजे बारा वर्षं तू लोकांचे डोळे तपासतोयस आणि स्वतः...

धाकटा: तक्ता पाठ आहे मला. चालतं.

थोरला: चालतं म्हणे. ऐंशीवर घासतोय. बोलू नकोस आता, हात हलतो.

*

थोरला: झाली. एक वाजून दहा मिनिटं. मी बसवली तर नाकाशी बसणार नाही, ते तुझं काम. वरून देतोय, धर.

धाकटा: सोड... सोड ना, पकडलीय मी.

बाई: हा वरून आलेला हात कोणाचा?

थोरला: या मॅडम. दोरीच्या बाहेरच थांबा, आत गिऱ्हाईक घ्यायला बंदी आहे.

बाई: मी गिऱ्हाईक नाही, पथकातून आलेय. पलीकडच्या रस्त्यावर बंद शटरमागून बोलणं ऐकू आलं म्हणून वळून आले. त्या बाजूला आज बंदी. पलीकडे कोण आहे?

धाकटा: कोणी नाही.

बाई: बोलतंय कोण मग?

थोरला: धाकटा भाऊ आहे. वर राहतो, जिना आत उतरतो. आमची बहीण हॉस्पिटलात नर्स आहे, तिचा चष्मा फुटला. ही पिशवी बघा. दीडला गाडी येते.

बाई: पिशवी वाचली. 'दोघांनी'. ठीक आहे. पण मी लिहू काय? सकाळपासून तिसरं सुधारित पत्रक आलंय. पहिल्यात दुकानं दाराप्रमाणे, दुसऱ्यात परवान्याप्रमाणे, तिसऱ्यात म्हटलंय जागेवर पाहून ठरवावं. जागेवर मी आहे. आणि माझ्या चष्म्यावर सकाळपासून वाफ आहे, मला काही दिसत नाही.

धाकटा: मास्कची वरची कड नाकावर दाबा, मॅडम. आणि चष्मा कडेच्या वर ठेवा, खाली नको.

बाई: ...अरे. गेली की.

धाकटा: तीन महिने अशाच हिंडताय?

बाई: कोणी सांगितलं नाही. प्रत्येक जण मला बघून शटर ओढतो. असो. सांगा मला, ही दोन दुकानं आहेत की एक?

थोरला: फरक काय पडतो?

बाई: दोन असतील तर पलीकडचं आज चुकीच्या तारखेला चालू सापडलंय. चौदा दिवस सील. एक असेल तर आज विषम, तुमचं दार उघडं, आत भाऊ काम करतोय, गुन्हा काही नाही. पण मग इथून पुढे दुकान एक, दार एक, तारीखही एक. विषम. सम तारखा विसरायच्या, दोघांनीही.

धाकटा: मॅडम, दोन लिहा. चौदा दिवस मी बसेन वर. त्याचं गिऱ्हाईक कशाला अर्ध्यावर आणता?

थोरला: तू गप्प बस.

धाकटा: पंधरा तारखा गेल्या तर परत मिळणार नाहीत, दादा.

थोरला: काय म्हणालास?

धाकटा: पंधरा तारखा.

थोरला: त्याच्या पुढचं.

बाई: मला पुढची गल्ली आहे अजून. काय लिहू?

थोरला: एक लिहा.

बाई: मग मध्ये हे काय?

थोरला: आडोसा आहे.

बाई: छतापर्यंत?

थोरला: एक वीत कमी.

बाई: परवा एकतीसला मी परत येईन. तेव्हा हा आडोसा दिसला तर दोन धरेन, आणि खोटं सांगितलं म्हणून दोन्ही सील करेन. उद्या सम तारीख, दुकान बंद. आतून काढा, ठोकाठोकीचा आवाज बाहेर येऊ देऊ नका. नाहीतर शेजारचे मलाच फोन करतील. आणि गाडी आलीय बघा, तो ड्रायव्हर भोंगा वाजवतोय.

*

धाकटा: मी काच बसवून दिलेला चष्मा गाडीत दिलास ना? तास झाला.

थोरला: दिला. गाडीतल्या गाडीत तिनं घालून बघितलाही असता, पण ती हॉस्पिटलात. ड्रायव्हर म्हणाला, पोचला की ती फोन करेल.

धाकटा: आला फोन, आत्ताच. म्हणाली, बाटलीवरचा सगळ्यात बारीक आकडा वाचून दाखवू का. वाचला. मग म्हणाली, बरोबर आहे ना, आणि ठेवला.

थोरला: तुला पण तिनं थँक्यू म्हटलं नाही?

धाकटा: नाही.

थोरला: मला फोनच केला नाही. बरं, आता हे स्क्रू. माझ्या बाजूनं सोळा आहेत.

धाकटा: माझ्या बाजूनंही सोळा. तू उघडशील या भीतीनं मी नंतर मारले.

थोरला: आणि दुकानात स्क्रू-ड्रायव्हर सगळे दांड्यांचे, सुईएवढे.

धाकटा: उद्याचा दिवस आहे. तुला पास मिळेल का उद्याचा?

थोरला: 'इतर' वर मिळाला तर मिळाला. हे निघालं की आधी तू स्वतःच्या खुर्चीत बसायचं. मी तपासतो. तक्ता पाठ आहे म्हणालास ना, मी उलटा टांगतो.

धाकटा: उलटाही पाठ आहे.

थोरला: मग खोटं बोलू नकोस, दिसेल तेवढंच सांग.

धाकटा: बरं... दादा, हिशेब केलास? सोळा तारखा, दोघांत आठ-आठ. माझ्या पंधराचे आठ झाले. तुझ्या सोळाचे आठ. तुला एक दिवस जास्त बसला.

थोरला: तो एकतीस तारखेचा. घेतला होता तोच गेला.

धाकटा: आणि मॅडमना काही नाही, ताईला चष्मा मिळाला. म्हणजे झालं सगळ्यांचं.

थोरला: सगळ्यांचं नाही झालं. सासरे अजून काठी घेऊनच चालतात ना?

धाकटा: हो. ती काठी मी हिशेबात धरलीच नाही. कुणाच्या नावावर टाकू?

थोरला: ती माझ्याकडे धर.