त्या दुपारी पाच घरांत पंखे चालू होते

बसा सगळे. मागचे, तुम्हीसुद्धा पुढे या. दाराआडून ऐकायची आज काही गरज नाही.

मला बोलायला सांगितलं म्हणून उभी राहिले. मी शेवंता, खोली नंबर सहा. मला भाषण येत नाही, भांडण येतं. दामूभाऊ म्हणायचे, "शेवंताताई, तुमच्या जिभेला एक मीटर बसवायला हवा." असं म्हणायचे आणि हसत हसत शिडी चढायचे.

आपले दामूभाऊ वायरमन गेले. बारा दिवस झाले. पॅसेजमधल्या मीटरच्या बोर्डावर शॉक लागून गेले. भरदुपारी, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि पंचनाम्यात काय लिहिलंय? "स्वतःच्या हलगर्जीपणामुळे." हलगर्जीपणा! दामूभाऊंचा! अहो, कामाला हात लावायच्या आधी चाळीचा मेन फ्यूज काढून शर्टाच्या खिशात घालणारा तो माणूस. "बोर्डावर ठेवला तर कोणीतरी शहाणा येऊन परत लावतो," म्हणायचे. त्या दिवशीही फ्यूज त्यांच्या खिशातच होता. त्यांच्या बायकोने, या सुलभावहिनींनी, स्वतःच्या हाताने काढला तो.

मग करंट आला कुठून?

बारा दिवस मी हेच विचारतेय. विचारलं की कोणाचं दूध उतू जातं, कोणाचा फोन वाजतो. नळावर बायका बोलत असतात, मी गेले की सगळ्या हंडे उचलून चालू लागतात. परवा आपल्यातल्याच एकाने इन्व्हर्टर पोत्यात गुंडाळून रिक्षात घातला. पाहिलंय मी. नाव घेत नाही. आणि हा एवढा मोठा हार कोणी आणला हो? त्यावर नाव का नाही? ही शोकसभासुद्धा घाईघाईने आजच का?

उद्या वहिनींना पोलीस चौकीत त्या पंचनाम्याच्या कागदावर सही करायला बोलावलंय, म्हणून आजच ना? एकदा सही झाली की विषय संपला. मग बाप स्वतःच्या चुकीने मेला, हेच दामूभाऊंच्या मुलीने जन्मभर ऐकायचं.

आपल्या गोखिवऱ्यात लाईट किती वेळा जाते, हे मी तुम्हाला काय सांगू? म्हणून आपण इन्व्हर्टर घेतले. स्वस्तातले. दुकानदाराच्या माणसाने वायरला प्लग लावून दिला, भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसा म्हणाला, झालं काम. पण आधी घरातला मेन स्विच बंद करायचा असतो. नाही केला, तर इन्व्हर्टरचा करंट उलटा बाहेरच्या बोर्डावर जातो. हे मला दुसऱ्या वायरमनने समजावलं. दामूभाऊ गेल्यावर.

त्यांनी फ्यूज काढला, सगळ्या चाळीची लाईट गेली, तरी पाच घरांत पंखे फिरत होते. चार कोणाचे, ते ज्याचं त्याला ठाऊक आहे.

पाचवा माझा.

हो, माझा. काय बघताय? नातवाला घामोळं आलं होतं. दामूभाऊ बजावून गेले होते, "ताई, रविवारी येऊन मी नीट जोडून देतो, तोवर इन्व्हर्टर चालू करू नका." मला कुठला रविवारपर्यंत धीर! त्या दुपारी मी मेन बंद केला होता का? आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही. त्या खटक्यासमोर जाऊन उभी राहते, डोकं खाजवते, तरी आठवत नाही. तुमच्या दारोदार संशय घेत फिरले ना, ते स्वतःच्या घरात बसवत नव्हतं म्हणून. भीती वाटत होती मला. अजून वाटतेय.

वहिनी, उद्या त्या कागदावर सही करू नका. मी येते तुमच्याबरोबर. त्या वेळी माझ्या खोलीत पंखा चालू होता, हे माझ्या नावानिशी लिहून देते. होईल ते होईल. दहा वाजता मी चाळीच्या फाटकाशी उभी असेन. बाकीच्या चौघांना मी हाक मारायला येणार नाही.

आता दामूभाऊंसाठी दोन मिनिटं उभे राहू. फक्त डोळे कोणी मिटू नका. वहिनींकडे बघा.