गुरुवारचं खेळघर

स्टीलची वाटी फरशीवर पडली, कडेवर गोल गोल फिरली आणि सिलिंडरला टेकून गप्प झाली. सकाळच्या कामांनंतर निवांत झालेल्या घरात तेवढाच काय तो आवाज. डिंपलने कढईवरून नजर उचलली. विक्की पोटावर पडून वाटीकडे बघत होता. तो सरपटत गेला, वाटी पुन्हा कडेवर उभी केली, पुन्हा सोडली. साडेतीन वर्षांचं पोर, पण आईला आई म्हणायचं नाही, तहान लागली तरी पाणी म्हणायचं नाही. हाक मारली की वळून बघायला लागलं होतं, तेही अलीकडेच, रेणूताईंच्या हाताखाली.

दारात त्याची बहीण प्रतिक्षा बसली होती. दोन वेण्या, धुतलेला फ्रॉक, पायात चपला घालून तयार. आज गुरुवार. गुरुवारी पवनीहून रेणूताईंची स्कुटी यायची आणि गावच्या समाजमंदिरात खेळघर भरायचं.

स्कुटीच्या आधी फोन आला.

"हॅलो? … हव ताई, बोला ना. … नाही नाही, जागाच आहे तो. तुमचीच वाट पाहून राहिले दोघं. प्रतिक्षा तं दारातून हटत नाही, म्हणते स्कुटीचा आवाज मलेच पयले आला पाहिजे. … निघाल्या का तुमी? … काय? … नाही येत? … बरं नाही का तुमाले? आवाज कसा येऊन राहिला असा… सर्दी झाली का? … मंग?"

डिंपलने गॅस बारीक केला.

"मिटिंग? … हव, कालची. बुधवारची. … हव, हव… बोला ना ताई, मी आयकून राहिली."

पवनीत एक सेवा क्लब होता. डॉक्टर, वकील, दुकानदार, राइस मिलवाले अशी माणसं दर बुधवारी संध्याकाळी एका हॉलात जमायची, अध्यक्ष भैय्यालालजी घंटी वाजवायचे, मग कामाचं बोलणं आणि शेवटी चहा-समोसा. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जुनं गाव गेलं आणि हे पुनर्वसनाचं गाव माळावर आखून दिलं गेलं, तिथल्या लहान पोरांसाठी काहीतरी करावं हे याच क्लबाच्या मनात आलं. त्यांनीच खेळघर काढलं, त्यांनीच रेणूताईंना नेमलं. रेणूताई पोरांच्या आयांना खाली बसवायच्या, पोराच्या डोळ्यांसमोर आपले डोळे आणायला लावायच्या. लेकराच्या हातात वस्तू लगेच कोंबायची नाही, म्हणायच्या. धरून ठेवायची, थांबायचं, त्याला मागू द्यायचं. पहिल्यांदा बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. डिंपल हसली नव्हती. तिला विक्कीच्या तोंडून शब्द ऐकायची घाई होती.

"ठराव? कायचा ठराव झाला? … आपल्या खेळघराचा? … ताई, थांबा जरासं. बंद म्हणजे… सुट्टी देऊन राहिले का? दिवाळीपर्यंत? … नाही? … मंग पुरं बंद?"

विक्कीची वाटी पुन्हा पडली. या वेळी तिने तिकडे पाहिलं नाही.

"पण ताई, मागच्या बुधवारी तं आमी आलो होतो ना तिथं. किती खूश होते ते. भैय्यालालजींनी डोळे पुसले, मी पाह्यलं ना माझ्या डोळ्यानं. तो रुमाल काढला त्याईनं… हव… हव… तेच तं म्हणून राहिली मी, सगळ्याइले आवडलं होतं मंग काहून… … म्हणून? … म्हणजे आमचे लेकरं चांगले बोलले म्हणून? … चांगलं गाणं म्हटलं म्हणून बंद?"

ती मोठ्याने बोलली होती. दारातली प्रतिक्षा वळली.

मागच्या बुधवारी क्लबाने खेळघराच्या आयांना पोरांसकट मिटिंगला बोलावलं होतं. आपण केलेलं काम सभासदांना एकदा डोळ्यांनी दिसावं, एवढाच हेतू. सगळ्यांनाच आणा, असं रेणूताईंनी बजावलं होतं. पण त्या काही गावात राहत नव्हत्या. त्यांची स्कुटी वळली आणि समाजमंदिरात बायकांची आपली बैठक बसली. कोणाची पोरं न्यायची? जी लाजत नाहीत ती. जी रंगांची नावं सांगतात ती. सखाबाई सगळ्यांत वडील, बचतगटाची अध्यक्ष. ती म्हणाली, चार मोठ्या माणसांत जायचं आहे, कोणी रडलं-पडलं तर रेणूबाईचं नाव खराब होईल. पाहुण्यांपुढे घरातली फुटकी कपबशी ठेवतो का आपण? ती वाईट मनाने बोलली नव्हती. डिंपलकडे तर तिने पाहिलंही नाही. डिंपलनेच मान हलवली, आणि विक्कीला सासूपाशी, मंगलाबाईंपाशी ठेवून ती प्रतिक्षाला घेऊन गेली.

आठवडाभर तिने पोरीकडून सगळं घोकून घेतलं होतं. प्रतिक्षा खुर्चीवर उभी राहिली, सगळ्यांना नमस्कार म्हणाली, बापाच्या डोंग्याचं आणि मासळीचं गाणं हातवाऱ्यांसकट म्हणाली. हॉलभर टाळ्या पडल्या. हे गाव आता आपल्या पायावर उभं झालं, असं भैय्यालालजी म्हणाले तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या आयांनीच वाजवल्या होत्या. येताना ऑटोत बायका हसत होत्या, आणि सखाबाईने कानशिलावर बोटं मोडून प्रतिक्षाची दृष्ट काढली होती.

"ताई, आयका ना… आयका… तुमी बोलल्या नाही का त्याईले? विक्कीचं सांगतलं नाही का? … सांगतलं? नाव घेऊन? … मंग काय म्हणे?"

डिंपलने फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"कोणता विक्की?"

हे तिचं विचारणं नव्हतं. ऐकलेलंच तिने परत म्हटलं होतं.

"हव. … बरोबर आहे. पाह्यलाच नाही तं कसा ठाऊक राहीन त्याईले. … नाही ताई, तुमी कायले माफी मागता. तुमी तं म्हटलं होतं सगळ्याइले आणा म्हणून. … आमीच… हव. … नाही, सासूबाईंनं नाही अडवलं. कोणीच नाही अडवलं."

कढईतलं वांगं खाली लागल्याचा वास आला. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला पाठ टेकून तिथेच बसली. विक्की सरपटत तिच्या पायांपर्यंत आला, पण तिच्याकडे नाही. वाटी तिकडे आली होती.

"ताई, मी आणीन त्याले. येत्या बुधवारी आणीन. … आयका तं खरं. जसा आहे तसा आणीन. काही शिकवून नाही आणणार. कानावर हात ठेवून ओरडन, तं ओरडू द्या. जमिनीवर लोळन, तं लोळू द्या. लाळ गळन तं मी पुसणार नाही, ताई. … त्या घंटीच्या आवाजानं तं तो भिंतीवर डोकं आपटन, मले ठाऊक आहे. … पाहू द्या ना त्याईले. एक डाव पाहतीन तं समजन, नाही का? … तुमी भैय्यालालजींले एवढंच सांगा, आणखी एक लेकरू राह्यलं होतं दाखवायचं. … नाही का होत? … तुमी विचारलं? … ठराव झाला म्हणजे झाला. हव."

मिटिंगला जाताना नेसलेली तिची पोपटी साडी अजून दोरीवर होती. तिने उगाच तिकडे पाहिलं.

"कुठं नेऊन राहिले मंग खेळघर? … नदीच्या तिकडं? … तिथं आहेत का लहान पोरं? … एक पोरगी? किती मोठी आहे? … अव माय. बसत बी नाही? … आणि तिची माय काय करते? … धानाच्या रोवण्याले जाते, हव… मंग पोरगी दिवसभर खाटेवरच? …"

पलीकडून रेणूताई त्या पोरीचं सांगत गेल्या.

"नाही ताई. मी कुठं नाही म्हणून राहिली. त्याहीच्या लेकराले भेटलं पाहिजे. … पण माझ्याचं काढून कायले? दोघाइले नाही पुरत का? … हव, तुमच्या हातात नाही. … तुमी तं येसान ना पण? मधून मधून? … तुमीबी तिकडं? … रोजच? … हव. नोकरीच आहे ती तुमची. मले समजते."

रेणूताई आता भंडाऱ्याचं सांगत असाव्यात. मोठ्या दवाखान्यात अशा पोरांना बघतात, महिन्यातून दोनदा तरी न्यायला हवं, आताच न्यायला हवं, वय निघून जाईल. डिंपल हव हव करत होती, आणि तिची मान मात्र हळूहळू आडवी हलत होती.

"नेलं होतं ना ताई. मागं नेलं होतं. दोन गाड्या बदलून. … दुसऱ्या गाडीत इतका ओरडला का बस थांबवली कंडक्टरनं. लोकं म्हणे, बाई, उतर तू. … उतरली. काय करीन. … तिथून डोक्यावर पदर टाकून, त्याले असा छातीशी दाबून, पायीच… … हे? हे धरणावर राहते, डोंग्यावर. एक दिवस जाळं नाही टाकलं तं… … नाही, मारत-बिरत नाही. बापाले लय माया आहे त्याची. म्हणते, बोलन आपोआप, माझा काका बी उशिरा बोलला होता. … हव ताई. नेईन. पाहीन कसं जमते ते."

मग तिचा हात आपसूक कमरेशी गेला. पदराच्या टोकाला गाठ होती, गाठीत समाजमंदिराच्या कुलपाची चावी. खेळघराची चावी सांभाळायचा मान बायकांनी डिंपललाच दिला होता, ती गुरुवारी सगळ्यांच्या आधी जाऊन झाडून ठेवायची म्हणून.

"चावी? … आहे ना, माझ्याचपाशी. … आज? … सामान आजच? … टेम्पो निघाला सुद्धा? … नाही ताई. मी नाही खोलत. तुमी सांगा त्याईले, घरी कोणी नाही म्हणा. डिंपल माहेरी गेली म्हणा. … मी नाही खोलत म्हणजे नाही. ते माझ्यासमोर उचलतीन आणि मी पाहत उभी राहू का? …"

नदीपलीकडची ती खाटेवरची पोरगी रेणूताईंनी पुन्हा तिच्यासमोर आणून ठेवली असावी. डिंपलने डोळे मिटले.

"बरं. … बरं म्हणते ना मी. खोलून देईन. … ताई, एक विचारू? तो आरसा राहू देतीन का? भिंतीवर खाली लावलेला. … माणसाकडं पाहून नाही हसत विक्की, तुमाले ठाऊकच आहे. आरशात हसते. … नाही का? … त्या पोरीले बी लागन. हव. … नाही नाही, तुमी नका घेऊ आपल्या पैशानं. घरी यांच्या दाढीचा आहे, तोच खाली लावीन मी. … ताई? … रडता काहून तुमी? … रडू नका. पोरगी पाहून राहिली माझ्याकडं."

प्रतिक्षा दारातून उठून आत आली होती. चपला काढायची विसरली होती.

"सांगा. … हव, आयकून राहिली. … पाणी दाखवायचं, पण लगेच नाही द्यायचं. गिलास माझ्या डोळ्यापाशी धरायचा. … थांबायचं. … हव. त्यानं पाह्यलं का मंगच. … रडला तरी थांबायचं. … तेवढं तं मी करतेच ना. … पण ताई, किती थांबू? … म्हणजे तुमी बाजूले राहत होत्या तं समजत होतं मले, आता थांबायचं का आता द्यायचं. एकटीले कसं… … हॅलो? … ताई? … आवाज येऊन राहिला का माझा? हॅलो? … किती वेळ थांबू ते सांगा ना… ताई? … हॅलो?"

माळावरच्या या गावात फोनचं असंच. तिने फोन डोळ्यांसमोर धरून पाहिला, कानाला लावला, पुन्हा पाहिला. मग पालथा घालून जमिनीवर ठेवला.

विक्की वाटी उभी करत होता. तिने ग्लासात पाणी घेतलं, त्याच्यासमोर पोटावर आडवी झाली आणि ग्लास आपल्या डोळ्यांपाशी धरला. विक्की म्हणून हाक मारली. त्याने पाहिलं. वाटीकडून ग्लासाकडे आणि ग्लासामागच्या तिच्या डोळ्यांकडे, एक क्षणभर, आणि मग नजर निसटून पुन्हा वाटीवर गेली. तिने ग्लास खाली केला नाही. बाहेर, समाजमंदिराच्या बाजूला, टेम्पोचा हॉर्न वाजला. तिने ग्लास खाली केला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र ग्लास कलंडला आणि पाणी फरशीवर सांडलं.

ती उठली. पदराची गाठ दातांनी सोडवू लागली, घट्ट बसली होती.

प्रतिक्षा तिच्याजवळ येऊन उभी राहिली. तिने आईच्या पदराचं दुसरं टोक धरलं. मनाशी काहीतरी जुळवत हळूच म्हणाली,

"आई, मी गाणं चुकली असती तं ताई आली असती का?"