शिशाची तिजोरी आणि माझा बॅज

माझं गाव गडमुडशिंगी, नाव दस्तगीर मुल्लाणी, आणि हॉस्पिटलात मला सगळी दस्तूमामा म्हणत्यात, त्यात डॉक्टरबी आले. बाप बकरी कापायचा, आजाबी तेच करायचा, पण मला रगत बघितलं की घेरी यायची, मग बाप म्हणाला ह्या भाद्दराला कुठंतरी कोरड्या धंद्याला लावा, आणि मला हुपरीला चांदीच्या कारखान्यात घातलं. आता बघा पावणं, रगताला भिऊन पळालेला माणूस शेवटी हॉस्पिटलातच येऊन चिकटला, ह्यात माझी अक्कल किती ते तुमीच वळखा.

हुपरीत बावीस वर्षं पैंजणाच्या कड्या जोडल्या. तिथली शिस्त काय सांगू तुम्हाला. आमचं मालक, त्यास्नी आण्णा म्हणायचं, सांज झाली की आण्णा तिजोरीचं दार उघडून उभं ऱ्हायचं आणि एक एक वस्तू आत जायची, कड्या, तार, कात्री, आणि झाडलेला कचराबी, व्हय, कचराबी, कारण त्यात चांदीची धूळ असती, हात धुतलेलं पाणीसुद्धा टाकायचं न्हाय, पिंपात साठवायचं. मग आण्णा आमचं हात उलटंपालटं करून बघायचं, विजारीची दुमड झाडायला लावायचं, आणि मग सोडायचं. बावीस वर्षं हे केलं की माणसाच्या हाडात मुरतं. जी वस्तू जपायची ती तिजोरीत, आणि तिजोरी जेवढी जाड तेवढी वस्तू सुखात. घरीसुद्धा मी चष्मा ट्रंकेत, टीव्हीचा रिमोट ट्रंकेत, आणि वर कुलूप. आमची हमीदा, म्हंजे आमचं कुटुंब, म्हणायची ह्यांच्या घरात किल्ली सापडल्याशिवाय बातम्या लागत न्हाईत.

तर पुढं डोळं अधू झालं, बारीक कडी दिसंना, आणि कोल्हापुरात एका हॉस्पिटलात लॅबमध्ये अटेंडंटची जागा निघाली तिथं चिकटलो. ही लॅब म्हंजे रगत-लघवीची न्हाय. हितं किरणं सोडणारं औषध येतं, शिशाच्या जाड डब्यातनं येतं, ते पेशंटला देत्यात आणि मग हाडाचा न्हायतर गळ्यातल्या गाठीचा फोटो काढत्यात. किरणं दिसत न्हाईत, वास न्हाय, चव न्हाय, चटका न्हाय. मग ती हाईत हे कशावरनं, असं मी पहिल्याच दिवशी शिंत्रे मॅडमना इचारलं. मॅडम म्हंजे आमच्या सुरक्षा अधिकारी, कुणी काय घालायचं, कुठं उभं ऱ्हायचं, सगळं त्या बघत्यात. त्या म्हणाल्या मामा, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. औषधाजवळ वेळ कमी, अंतर जास्त, आणि मधी आडोसा. मी म्हटलं मॅडम, हे मला पाठ हाय. आण्णा चिडले की आमी हेच करायचो, थोडाच वेळ उभं ऱ्हायचं, लांब उभं ऱ्हायचं, आणि मधी भट्टी धरायची.

आणि खरं सांगतो, सगळं मला हुपरीवाणीच वाटायला लागलं. भाईर पडताना किरणं मोजायच्या मीटरनं हात तपासायचं, बूट तपासायचं. वापरलेल्या सुया, कापूस, हातमोजं फेकायचं न्हाय, तारीख घालून कुलपात ठेवायचं. मी मनात म्हटलं, हांऽ, कचऱ्यात माल हाय तर. दोन महिनं मी वाट बघितली की हे आता कवा गाळून माल काढणार. एक दिवस मॅडमनी मीटर लावला, म्हणाल्या हे आता शांत झालं, द्या टाकून. टाकून? मी तीनदा इचारलं. मग एवढं दिवस ठेवलं कशाला? त्या म्हणाल्या शांत व्हायलाच ठेवलं. मी मान हलवली. मान हलवायची मला लई चांगली सवय हाय, डोकं तिथंच ऱ्हातंय.

ह्या मान हलवण्यापायी पहिल्याच महिन्यात जेवणाचा डबा औषधाच्या फ्रिजात ठेवलावता. लॅबमध्ये खायचं न्हाय हे मला सांगितलंवतं, आणि मी कुठं खात होतो, मी तर ठेवलावता. मॅडमनी माझी मटणाची भाजी मीटरनं मोजली, पावणं. अख्ख्या गडमुडशिंगीत कुणाच्या कालवणाला असा मान मिळाला न्हाय.

पण खरी गोष्ट बॅजची. आमच्या सगळ्यांच्या छातीवर एक बॅज असतो, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, आत बारक्या चकत्या. अंगावर जेवढी किरणं पडत्यात तेवढी त्यो ध्यानात ठेवतो. तीन महिन्यांनी तपासायला जातो, दुसरा येतो. मला त्यो लई आवडला. घरी जाताना काढायचोच न्हाय, गावच्या स्टँडवर उतरलो की लोकं वाट द्यायची, त्यास्नी वाटायचं दस्तगीर मोठा सायेब झाला. मग एक दिवस हमीदानं बॅजासकट शर्ट दगडावर आपटला. मॅडम वरडल्या न्हाईत, त्याचाच जास्त तरास झाला. म्हणाल्या मामा, ह्यो बॅज तुमची काळजी करतो, तुमी त्याची करा. घरी न्यायचा न्हाय, ड्युटी संपली की ऑफिसातल्या रॅकवर टांगायचा.

रॅक कसला, भिंतीला फळी आणि तिला चार हुक, उघडी. येणारा-जाणारा धक्का देतोय, वर पंखा गरगरतोय. चार दिवस टांगला, पाचव्या दिवशी बॅज खाली फरशीवर. आता तुमीच सांगा, हुपरीच्या माणसाला हे बघवंल व्हय? आणि तिकडं आत लॅबमध्ये शिशाचं कपाट, मी त्याला तिजोरीच म्हणायचो, दार उघडायला दोन हात लागत्यात, भिंती वीतभर जाड. सांजच्याला औषधाचं डबं त्यात सरकवायचं काम माझं, सकाळी काढायचं कामबी माझं. मी बॅज रुमालात गुंडाळला आणि डब्यांच्या मागं ठेवला. लई निवांत झोप लागली बगा. तीन महिनं रोज, आणि रविवारी तर दिवसभर.

आता हिकडं घरी काय, आमची एकुलती एक पोरगी यास्मिन, आजऱ्याला दिलीया, ती पहिल्या बाळंतपणाला आलीवती. नववा महिना लागलावता. आणि त्याच आठवड्यात मॅडमनी बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाल्या मामा, तुमच्या बॅजचं रीडिंग लई वर आलंय, एवढं कुणाचंच न्हाय. बॅज कुठं ठेवत होता? मी मनात हिशेब घातला. नेम हाय रॅकवर टांगायचा, आपण ठेवला तिजोरीत, म्हंजे नेम मोडला, म्हंजे नोकरी गेली. म्हटलं रॅकवर. त्यांनी परत इचारलं. रॅकवरच, मॅडम. त्यांनी तसं लिवून घेतलं. आता तुमी हसाल, पण तिजोरीमुळं रीडिंग वाढलं हे माझ्या डोक्यात आलंच न्हाय. मला वाटलं मी एक गुन्हा लपवतोय आणि किरणांचं संकट ते येगळंच. दोन भानगडी हाईत असं धरून चाललो, ती एकच होती.

मला लॅबमधनं काढून केसपेपरच्या खिडकीत बसवलं. रगत काढलं, मी घेरी येऊन पडलो, तर नर्स म्हणाली किरणांमुळं झालं असंल, आणि मी आणखी घाबरलो. मॅडमचं डोकं चालंना, बाकी सगळ्यांचं बॅज साफ, ह्याचाच कसा? मला दुखत न्हाय, खुपत न्हाय, भूक लागतीया, केस तर आधीच गेल्यालं. गोठ्यातल्या अंधारात हात धरून बघितला चमकतोय का. न्हाय चमकला. मग बरं वाटावं का वाईट, तेबी कळंना.

पण घरात दोन जिवांची पोरगी. माझ्या अंगातनं तिला काय गेलं तर? मी कुणाला सांगितलं न्हाय. खाट गोठ्यात नेली, म्हटलं म्हशीला एकटं करमंना. ताट भाईर मागवायचो. पोरगी अंगणात आली की मी मागच्या दारानं पसार. वेळ कमी, अंतर जास्त, मधी भिंत, मॅडमचं तिन्ही नेम मी माझ्याच लेकरावर चालवलं. हमीदा म्हणायची म्हशीलाच आणा बाळंतपणाला, तिची लई काळजी तुमास्नी. एक दिवस यास्मिन भिंतीपल्याडनं म्हणाली, अब्बा, माझं काय चुकलं का? मी म्हटलं न्हाय गं बाळ, आणि म्हशीला वैरण टाकायला उठलो.

शुक्रवारी दुपारी गावाकडच्या दवाखान्यात यास्मिनला पोरगी झाली. जावई आजऱ्यासनं निघालावता, अजून पोचला न्हवता. आमच्यात बाळ झालं की घरचा गडी त्याच्या कानात अजान म्हणतो, अगदी कानाला तोंड लावून, हळू. हमीदानं दुपट्यात गुंडाळलेलं ते बोचकं माझ्यापुढं धरलं. घ्या की, म्हणाली. मी चार पावलं मागं सरकलो. तिनं परत धरलं, मी परत सरकलो, पार भिंतीला पाठ लागली. आणि मग काय सुचलं मला, अल्लाच जाणे, तिथनंच, दहा फुटांवरनं, हात कानाला लावून मी अजान द्यायला लागलो. मोठ्यानं. त्याशिवाय पोचणार कशी? अख्खा कॉरिडॉर थांबला, एक म्हातारा पेशंट उठून बसला. हमीदा म्हणाली, अहो, पोरीच्या कानात म्हणायची हाय, गावाला न्हाय. आणि आत खाटेवर यास्मिन रडायला लागली, ते मला ऐकू आलं.

तसाच निघालो. बसनं आमच्या हॉस्पिटलात आलो, मॅडमच्या म्होरं उभा ऱ्हायलो आणि सगळं सांगून टाकलं, रॅक, पंखा, फरशी, रुमाल, तिजोरी. म्हटलं नोकरी घ्या, पण मला एवढं सांगा, नातीला हातात घेऊ का नको.

सांज झालीवती, औषधाचं डबं कपाटात परत गेल्यालं. मॅडमनी मीटर घेतला, मला संगं घेतलं, कपाट उघडलं, माझ्या रुमालाच्या जागेवर मीटर धरला. काय कडकडला त्यो! मग त्या खुर्चीत बसल्या. डोळ्यांत पाणी, पण त्या रागावल्या होत्या का हसत होत्या मला आजूनबी कळलं न्हाय. म्हणाल्या, मामा, हे कपाट आतल्या वस्तूला जपायला न्हाय हो. आतल्या वस्तूपासनं आपल्याला जपायला हाय. तुमी बॅज वाघाच्या पिंजऱ्यात ठेवला आणि म्हणालात पिंजरा लई मजबूत हाय. किरणं बॅजनं खाल्ली, तुमी न्हाय. आणि दुसरं ऐका. तुमी खरंच खाल्ली असती तरी पोरीला लागली नसती. उन्हात बसून आलेला माणूस घरात ऊन आणतो व्हय? हाताला औषध लागलं तर गोष्ट येगळी, म्हणून तर रोज हात तपासतो. आणा हात. मी हात पुढं केलं, उलटं केलं, सुलटं केलं. मीटर गप. जावा, म्हणाल्या, आणि खोटं बोललात त्याचं आपण सोमवारी बघू.

गेलो. साबणानं दोनदा हात धुतलं, आणि नात घेतली. एवढुशी. कानाला तोंड लावून म्हटलं, हळू. तिनं जांभई दिली. यास्मिन म्हणाली अब्बा, परत भिंतीपल्याड जाशीला तर बघा. दोनदा म्हटलेली चालती का, म्हणून मी मौलानांस्नी इचारलं, ते म्हणाले पहिली कॉरिडॉरला लागू, दुसरी पोरीला.

सोमवारी लेखी समज मिळाली, चांगली झणझणीत. चौकशीच्या कागदावर खरं काय ते लिवलं गेलं, आणि मी परत लॅबमध्ये आलो. आता भिंतीवर एक नवी पाटी हाय, बॅज लेड कपाटात ठेवू नये. नवी माणसं हसत्यात, म्हणत्यात असं कोण करंल? मी म्हणतो असंल कुणीतरी येडा. सगळं समजलंय असं मी म्हणणार न्हाय. रॅकवर एक बॅज असा हाय की त्यो कुणीच घालत न्हाय, नुसता लटकून ऱ्हायचं हेच त्याचं काम, त्याच्याशी आमचं बॅज ताडून बघत्यात म्हणं. मी मान हलवलीया. माझा त्याच्या शेजारी टांगतो रोज, उघड्या हुकावर, आणि जाताना दोनदा मागं वळून बघतो, हात शिवशिवतो, पण टांगतो.

नात आता चालती. आजऱ्यासनं आली की पयली माझ्या खिशात हात घालती, किल्लीसाठी, रिमोट लागतो तिला. अल्ला तिला लई आयुष्य देवो, आणि आजाची अक्कल सोडून बाकी सगळं देवो. आणि पावणं, तुमी कवाधरनं त्या टोकाला खुर्ची घेऊन बसलाय. या की जवळ. माझ्यापासनं काय लागत न्हाय, मॅडमनी मोजलंय.