मोगऱ्याचा रोजा

नाय, नाय, साहेब — दोन्ही एका कुंडीत नाय जमायचं, किती येळा सांगू? कुंडी लांबडी हाय, कबूल, पर आतलं पाणी तर एकच ना! आता नीट ऐका, परत सांगणार नाय. मोगऱ्याला ऊन पाहिजे, लई ऊन — तुमच्या गॅलरीत दुपारी जिथं पाय भाजतात ना, तिथंच ठेवा, खुशाल राहतोय. शेवंतीला मात्र सकाळचं कोवळं ऊन, आन् उन्हाळ्यात दुपारची सावली. शेवंती लावली की महिन्याभरात शेंडा खुडायचा, तव्हा ती बाजूनं फुटती. मोगरा छाटायचा तो थंडी सरता सरता, पार बोडका करायचा. शेवंतीला पाणी रोज — थोडं, पर रोज. बुडाशी तुंबलं की गेलीच समजा. आन् मोगऱ्याला? मोगऱ्याला थंडीत पाणीच नाय द्यायचं! तोंडाकडं काय बघताय माझ्या? ताणावर सोडायचा त्याला. माझ्या बापाची मोसंबीची बाग होती पैठणकडं — बाप पाणी तोडायचा, पानं गळायची, झाड मेल्यागत दिसायचं, आन् मग एकदा पाणी सोडलं की बाग पांढरीधोप फुलायची. मोगरा त्याच जातीचा. तहानल्याबिगर कळी धरत नाय. तुम्ही घालत असाल रोज तांब्याभर — व्हय ना? वाटलंच. म्हणून नुसता पाला आला. पाणी घालायला कोणी बी घालतंय, साहेब, न घालायला अक्कल लागती.

शेवंती? शेवंती नाय यंदा. संपली. थंडीनं गेली. दोनशे पिशव्या होत्या तिथं, त्या हिरव्या जाळीखाली, कळ्यांवर आलेल्या. कीड पडली. आता कीड का थंडी म्हणून काय इचारताय, गेली ती गेली! — हां, मागच्या साली नेली असतील तुम्ही, तव्हा वहिदा होती. बाहेर पाटीवर दोन नावं वाचली ना? आवडाबाई म्हणजे मी, आन् दुसरी ती. बारा वर्षं झाली, बजाजनगरात आम्ही दोघींनी ही रोपवाटिका टाकली त्याला. मोगरा माझ्याकडं, शेवंती तिच्याकडं. लोक म्हणायचे, दोघींचं कसं जमतं? अहो, जमायला काय झालं! मी ताण म्हणते, ती रोजा म्हणती. "आवडाताई, मोगरा रोजा रखता, शेवंती कू नै जमता" — हे तिचं ठरलेलं, प्रत्येक थंडीला. हसायची आन् पाईप घेऊन निघायची.

हात नका लावू त्या मोगऱ्याला! वाळलेला नाय तो. ताणावर हाय. — हां, माघ लागला, कळतंय मला, कॅलेंडर हाय माझ्याबी घरात. ताण चाळीस दिवसांचा असतो, लई झालं तर पन्नास. ह्याला पासष्ट झाले. मोजलेत मी. पर पहिलं पाणी मी देत नाय. बारा वर्षांत कधी दिलं नाय, ते वहिदाचं काम. ती यायची, बिस्मिल्ला म्हणायची, एकेका कुंडीत गडवाभर पाणी सोडायची — "चलो, रोजा छूट गया." मग पंधरा-वीस दिवसांत ह्या फाटकापासून त्या भिंतीपर्यंत नुसता घमघमाट. म्हणून थांबलेय. येईल की. तिचा बी जीव हाय ह्यांच्यात. येऊ दे, आधी बोलू दे तिला, मग बघू. मी का म्हणून आधी बोलू? मी काय केलंय?

आठ दिवसांत येते म्हणाली होती. तिची लेक सगीरा फर्दापूरला दिलीये, तिचं बाळंतपण होतं. जा म्हणलं, मी बघते सगळं. आठाचे एकवीस झाले! फोन केला की म्हणायची, "पोरगी का बुखार उतरने दो, ताई." उतरला की मग नातवाची न्हाणी, मग आणिक काय. आन् मी इथं एकटी, गुडघे धरलेले, पाईप ओढतेय. मला बी लेक असती तर मी बी बसले असते एकवीस दिवस — जाऊ द्या. मोगऱ्याचं पाणी तोडलंच होतं. शेवंतीचं... साहेब, कीड नाय पडली. थंडी बी नाय. पाईप माझ्या हातात होता. रोज सकाळी जाळीपर्यंत जायचे, आन् म्हणायचे, तिची हाय ना, बघंल ती येऊन. नळ बंद करायचे. मनात म्हणलं, ताण बसू दे, कळू दे जरा. कोणाला कळायचं होतं? शेवंतीला? कळ्या आधी माना टाकतात तिच्या, मग खालून पानं काळी पडतात. बघितलं मी. रोज बघितलं.

ती आली, जाळीखाली गेली. म्हणलं, आता भांडंल, चांगली तोंडाला तोंड देऊ. एक शब्द बोलली नाय ओ! बुडातून काश्या फुटतात ना शेवंतीला — ती बारकी पिल्लं — जिवंत राहिलेल्या सात सापडल्या तिला. ओल्या फडक्यात बांधल्या आन् गेली. शिव्या द्यायच्या होत्या, दोन थोबाडात मारायच्या होत्या! मग मी बी ठरवलं, सोडा तिला बी ताणावर. महिना-दीड महिना गेला की येती आपोआप.

काय म्हणलात? कुठं दिसली? शहागंजात, तिच्या घरापाशी — आन् बोललात तुम्ही तिच्याशी? मघापासून उभे आहात, आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला! काय म्हणाली? नीट सांगा, तिच्याच शब्दात सांगा.

"मोगरे का रोजा छुडाया क्या ताई ने?"

एवढंच? आणिक काय नाय? माझं काय नाय... मोगऱ्याचंच इचारलं.

थांबा. ही फांदी, इथं नख मारून बघू द्या. ... हिरवी हाय. आत हिरवी हाय अजून. बाप म्हणायचा, ताण देणं सोपं हाय, आवडे, ताण तोडून पाणी सोडायचा दिवस चुकवू नको. अन् पाणी आपणच न्यायचं असतं, साहेब. झाड काय बादली घेऊन येतंय व्हय आपल्या दारात? इतके दिवस मी फाटकाकडं बघत बसले.

ती कुंडी खाली ठेवा. नाय, ती विकायची नाय. व्हय, तीच, आत हिरवी असलेली — रिक्षात मांडीवर घेऊन मला शहागंजला जायचंय. पहिलं पाणी तिच्याच हातचं. आता उभे काय राहिलात? चला, निघा, बंद करायचंय मला. अन् तुमची ती लांबडी कुंडी... बघू, उद्या या. दोघी असलो तर सांगू.