आवाज वरून येतोय

नाही, पण माझं काय चुकलं ते सांगा ना! माणसानं कॉम्प्युटरचं कॅबिनेट घ्यायचं... कॅबिनेट म्हणजे तो डबा हो, ज्याच्या पोटात कॉम्प्युटरचं सगळं सामान बसतं... तर तो डबा घेताना दिसायला बरा घ्यायचा, की रडक्या तोंडाचा घ्यायचा? दुकानात दोन ठेवले होते. एकाच्या तोंडाला नुसती जाळी, पीठ चाळायला घ्यावी तशी. आणि दुसऱ्याला पुढून अख्खी काच, आत निळे-जांभळे दिवे! दुकानदार जाळीवाल्यावर हात ठेवून म्हणाला, हे घ्या, हवा खेळती राहते, पंखे सावकाश फिरतात, आवाज नाही. आमची ही म्हणाली, "अहो, काचेतून हवा आत शिरणार कुठून?" आता ही गाणं शिकवते. सुरातलं हिला कळतं, मान्य आहे, पण पंख्यातलं काय कळणार? मी म्हटलं, खिडकीची काच लावली की रस्त्यावरचा आवाज अडतो ना? मग तसंच हे, पंख्यांचा आवाज आतल्या आत! दुकानदार गप्प बसला. ही गप्प बसली. समोरची माणसं गप्प बसली की मला वाटतं आपलंच बरोबर आहे. लग्न झाल्यापासून असंच वाटत आलंय.

घरी आणलं, सामान बसवलं, सुरू केलं. दिवे काय, रोषणाई काय! पण तुम्हाला सांगतो, थोड्या वेळानं आत सगळं तापलं की हो! काचेमागे हवा शिरायला फट नाही, मग ते पंखे बिचारे ऊर फुटेस्तोवर पळायला लागले... घूंऽऽऽ... बाहेरच्या खोलीत हिची शिकवणी, पोरी सा लावतायत, आणि आतून माझा घूंऽऽऽ. पेटी थांबवून ही आत आली. म्हणाली, "अहो, हा कसला आवाज? पोरींचा सूर ओढला जातोय."

आता त्या वेळी खरं सांगायला काय झालं होतं? एवढंसं वाक्य, 'तुझं बरोबर होतं.' पण नाही हो निघत ते घशातून, कधीच निघालेलं नाही! आणि निघालं काय? बोट आपोआप छताकडे गेलं आणि मी म्हटलं, "वरून येतोय. वरच्या काकांचा माशांचा पंप असेल." सुचलं ते बोललो, यात माझं काय चुकलं?

हे वरचे काका म्हणजे अगदी देवमाणूस. एकटेच असतात. काकू गेल्यानंतर त्यांनी एक काचेची टाकी आणली, पाण्यात हवा सोडणारा पंप आणला, तीन मासे आणले. जन्म ऑफिसात गेला, त्यामुळे माशांची नावं साहेब, हेडक्लार्क आणि शिपाई. साहेब नुसता तरंगतो. हेडक्लार्क कामाशिवाय इकडून तिकडे. शिपाई दगडामागे झोपलेला. काका संध्याकाळी त्यांच्यापुढे खुर्ची घेऊन बसतात आणि त्यांना पेपर वाचून दाखवतात. घरात दुसरं बोलायला आहे कोण?

ही म्हणाली, मी काकांशी बोलून येते. आता हिचा कान म्हणजे... पंप जवळून ऐकला असता तर संपलोच होतो मी! म्हटलं, तू नको, मी जातो. मनात म्हटलं, जिन्यात जरा उभं राहायचं, खाली यायचं, सांगायचं की बोललो. तर काका जिन्यातच! आणि ही खाली दारात! काकांनी विचारलं, काय रे, काही काम होतं? मी म्हटलं, छे छे, सहज. तर ही खालून खड्या आवाजात, "काका, ते पंपाबद्दल बोलायला आलेत, आवाज येतो ना खाली!"

काकांचा चेहरा एवढासा झाला हो. म्हणाले, अरे, मला आताशा ऐकू येत नाही धड, कळलंच नाही मला. आणि त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे! मी काय केलं? मान हलवली. चालायचंच, म्हटलं. वर मोठेपणा माझाच!

दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाजारात गेली तसा मी दुकानात पळालो. जाळीवालं कॅबिनेट उचललं, घरी आणलं, सगळं सामान त्यात हलवलं, सुरू केलं... चिडीचूप. दुकानदाराचं बरोबर, हिचं बरोबर, जगाचं बरोबर! आता काकांना सांगायचं की आवाज गेला, पंप खुशाल चालू द्या, की मिटलं. दोनदोन पायऱ्या चढत गेलो, तर काका बादली घेऊन खाली येतायत. बादलीवर ताट झाकलेलं.

मी म्हटलं, "काका, आवाज थांबला!"

काका म्हणाले, "थांबणारच. सकाळीच पंप बंद केलाय. हवेवाचून गुदमरतील रे, म्हणून मासेवाल्या दुकानात परत द्यायला निघालोय."

ताट जरा सरकलं होतं. आतून साहेब माझ्याकडे बघत होता.

अहो, तेव्हा तरी बोलायचं ना! तर मी म्हणालो, "काका, आमच्याकडे द्या." काकांनी विचारलं, आणि पंपाचा आवाज? मी म्हटलं, वर ठेवला की खाली घुमतो, आमच्याकडे नाही घुमणार. म्हणजे एका थापेवर दुसरी! पण मासे वाचले ना? मग यात माझं...

असो. टाकी आली, माझ्याच खोलीत बसली, काकांनी पंप लावला. ही बाजारातून आली, उभी राहिली, कान दिला. मग बाहेर गेली आणि पेटीची एक पट्टी दाबली. तिथूनच म्हणाली, "हा पंप पांढरी चार. तो आवाज काळी दोन होता." आत आली. टाकीकडे बघितलं, नव्या कॅबिनेटच्या जाळीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काकांसमोर पंचनामा. पण नाही. अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, मासे तुमचेच आहेत. रोज येत जा, इथेच बसत जा. यांना आवाजाचा काही त्रास नाही."

तेव्हापासून काका रोज येतात. माझ्या टेबलाला खुर्ची लावून पेपर वाचतात. स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळे खणखणीत! अग्रलेख, हवामान, निधनवार्ता, छोट्या जाहिराती, सगळं. कॅबिनेट? ते चालू आहे की बंद हेही कळत नाही हो.

काल वाचता वाचता थांबले. डोळे पुसले. म्हणाले, "मी त्रास दिला, आणि तू माझे मासे सांभाळलेस."

म्हटलं आता बास. हळूच म्हणालो, "काका, पंपाचा आवाज नव्हताच तो."

"काय?"

जरा मोठ्यानं म्हणालो, "तो आवाज माझा होता!"

"काय म्हणालास?"

बाहेर पेटी थांबली. पोरी थांबल्या. अख्खं घर कान देऊन बसलं. आणि काका कानामागे हात धरून, हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघतायत...

म्हटलं, "काका, पुढचं पान वाचा."