शनीने काही केलं नाही म्हणे

...आणि वर मलाच सांगतात, शनीने काही केलं नाही. अहो, मी दोन जिने चढून, धापा टाकत, भांडायला म्हणून गेलो होतो, आणि त्या बाईंनी आधी पाणी दिलं, मग पंखा लावला, मग म्हणाल्या, शनीने काही केलं नाही.

तुम्हाला सांगतो, माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि बरोबर डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, या ज्योतिषबाई. माझ्या बायकोची आणि त्यांची गट्टी. दुपारी मला डबा द्यायच्या निमित्ताने आमच्या बाईसाहेब वर जायच्या आणि खाली येताना एक ग्रह घेऊन यायच्या... आज मंगळ बिघडलाय, गिऱ्हाइकाशी भांडू नका, आज बुध चांगला आहे, वकिलाचं घड्याळ आजच देऊन टाका. आणि मी डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात एवढासा स्क्रू धरून म्हणायचो, अगं, योगायोगाला कारण म्हणू नये. तिला ते पाठ झालं होतं. मी तोंड उघडायच्या आत माझ्याच आवाजात, नाकातून, म्हणून दाखवायची. एकोणतीस वर्षं हसलो हो त्यावर.

गेल्या वर्षी एका दुपारी खाली आली आणि म्हणाली, पुढचे चार महिने शनी माझ्या तब्येतीला जड आहे म्हणे, ताई म्हणतात एकदा डॉक्टरला दाखवून ये. खोकला होताच तिला, बारीकसा. मी मान वर न करता म्हटलं, "शनीला सांग, आधी स्वतःचा खोकला बघ."

विनोद केला हो मी. ती खळखळून हसली आणि गेलीच नाही डॉक्टरकडे. गेलो ते दोन महिन्यांनी, ती जिन्यात मध्येच खाली बसली तेव्हा. नंतर फार दिवस नव्हतेच...

मला कारण हवं होतं, एवढंच. घड्याळ बंद पडलं तर मी उघडून दाखवतो, हा बघा, इथे दात तुटलाय. डॉक्टरांना विचारलं, फुप्फुस कशाने गेलं? भला माणूस, फाइल मिटून म्हणाले, धुराशी संबंध असतो, काहींच्या अंगातच असतं, पण यांचं नेमकं कारण सांगता येणार नाही. म्हटलं, दोन महिने आधी आणलं असतं तर? त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

म्हणजे तेही संबंधावरच थांबले! मग उरलं कोण? शनी. ज्याला जन्मभर हसलो, त्याच्यावर खापर फोडायला वर गेलो, म्हटलं, तुमच्या शनीने माझी बायको नेली. तर शांतपणे म्हणतात, "भाऊ, घड्याळात दहा वाजले की शाळा भरते. घड्याळ पोरांना शाळेत ढकलतं का? ग्रह नुसते दाखवतात, करत काही नाहीत."

घड्याळ मला शिकवतायत! आणि शिकवतायत काय, तर माझंच वाक्य. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, या बाईंनी थोडं तरी अंधश्रद्धाळू असावं. शेजारधर्म म्हणून.

मग त्यांनी हळूच विचारलं, "मी तिला जा म्हटलं होतं. का गेली नाही ती?"

आता शनीने काही केलं नाही, डॉक्टरांना ठाऊक नाही, मग... सांगितला तो विनोद, जसाच्या तसा. आणि काय सांगू, बाईंना हसू फुटलं. फुटलंच, आणि तोंडावर हात धरून त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, मी नुसतं सांगून थांबले, हाताला धरून न्यायला हवी होती. मी म्हटलं, नाही हो, दोष माझा. त्या म्हणतात, माझा. तासभर आम्ही दोघं तिच्यावर हक्क सांगितल्यासारखे भांडत बसलो.

निघताना त्यांनी माझी पत्रिका उघडली. बराच वेळ बघून, मान खाली घालून म्हणाल्या, भाऊ, सांगायला लाज वाटते, पण तुमचा फार चांगला काळ सुरू झालाय. तब्येत ठणठणीत, आयुष्य भरपूर.

परवा तपासणी करून आलो. रक्त, छाती, हृदय, सगळं उत्तम. डॉक्टर म्हणाले, अजून तीस वर्षं तुम्ही कुठे जात नाही. बघा, बायको का गेली ते दोघांनाही सांगता आलं नाही, पण मी राहणार, यावर मात्र दोघांचं एकमत.