पिस्टनाचा कौल

पोलादपुरात आंबेनळी घाट चढणारी मोटर इंजिन उघडून उभी होती. आम्ही उतारू सावलीत बसलो होतो. मालक आबाजी आणि सहदेव मिस्त्री बोलत होते.

"आबाजीशेट, इंजिन लय घाट चढलंय. चारी पिस्टन बदला."

"एकच बदल. ह्यो पिस्टन घाट चढंल का म्हणून देवाला इचारलं, तर डावा कौल पडला, म्हंजी नाय."

"कुठल्या पिस्टनाला?"

"देवळात नेलेल्या."

"तो कुठं हाय?"

"हितंच, गुलाल लावून बाकीच्यांत ठेवला."

"अवो, मी चारी घासलेटानं धुतले!"

"मग आता वळखायचा कसा?"

"मला काय ठावं?"

"थांब, चारी नेऊन परत कौल लावतो."

"आणि आता चारींनाही उजवाच पडला, तर बदलायचा कुठला?"

आबाजी उठता उठता परत बसले. आम्ही बोचकी उचलली.